पहिल्या पानाचा सोस

१९९६-९७च्या सुमाराला वेबसाइट शोधात वर आणण्याची एक युक्ती फार चालत असे. पानाची पार्श्वभूमी पांढरी ठेवायची आणि तळाला पांढऱ्याच अक्षरांत ‘स्वस्त विमान तिकीट’ हे शब्द दोनशे वेळा लिहून टाकायचे. वाचणाऱ्याला तिथे रिकामी जागा दिसे, यंत्राला मात्र दोनशे वेळा तेच शब्द. अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक, लायकॉस, एक्साइट ही त्या वेळची शोधयंत्रे पानावरच्या शब्दांवर फार विसंबून असत, त्यामुळे युक्ती लागू पडे. वाचकाला न दिसणारा ‘कीवर्ड’ नावाचा एक रकानाही पानाच्या आत असायचा. त्यात लोक काय वाटेल ते भरत. विकायचे टायर आणि रकान्यात सिनेनट्यांची नावे.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ, या उद्योगाचे बालपण असे गेले. आपली वेबसाइट शोधयंत्राला नीट वाचता यावी आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्या शोधात ती दिसावी, एवढाच या खटपटीचा साधा हेतू. पण सुरुवातच हातचलाखीने झाल्यामुळे आजही हा शब्द ऐकला की छोट्या वेबसाइटच्या मालकाच्या मनात दोनच भावना उठतात. एक तर हे काहीतरी गूढ शास्त्र आहे, आपल्या आवाक्याबाहेरचे. नाहीतर ही शुद्ध लबाडी आहे, पैसे मोजून करून घ्यायची. दोन्ही समजुती त्याला एकाच ठिकाणी नेतात: महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात.

पुढच्या प्रकरणांचा सूर याच्या उलट आहे. चार खोल्यांचे घरगुती निवास, एका शहरापुरता दवाखाना, आंब्याच्या पेट्या घरपोच पाठवणारी बाग, शास्त्रीय गायनाचे वर्ग अशा वेबसाइटसाठी करायच्या कामातला मोठा भाग मालकालाच जमतो. त्यातला काही भाग तर मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला जमतच नाही. हे म्हणणे पटायचे असेल तर आधी युक्त्यांचे काय झाले ते पाहावे लागेल.

एप्रिल १९९८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या परिषदेत स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांचा निबंध मांडला गेला. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे ते दोघे. पानावर मालकाने स्वतःबद्दल काय लिहिले आहे, यापेक्षा इतर पाने त्याच्याबद्दल काय म्हणतात याला त्यांनी वजन दिले. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस मानायची, आणि शिफारस करणारा स्वतः किती वजनदार आहे हेही मोजायचे. स्थळाची चौकशी करताना मुलाकडच्यांनी दिलेल्या माहितीपेक्षा शेजारच्याचा शब्द आपण अधिक मानतो, आणि त्यातही गावात ज्याला मान आहे अशा शेजाऱ्याचा, तसेच हे. या मोजणीला त्यांनी पेजरँक नाव दिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगल कंपनी स्थापन झाली. त्याच निबंधाच्या परिशिष्टात, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असा इशाराही या दोघांनी देऊन ठेवला होता. दोन वर्षांनी, २०००मध्ये, गुगलने स्वतःचीच जाहिरात सेवा सुरू केली. असो.

लिंकला किंमत आली म्हटल्यावर लिंकचा बाजार भरला. लिंका विकत मिळू लागल्या, भाड्याने मिळू लागल्या. केवळ एकमेकांना लिंक देण्यासाठी शेकडो वेबसाइटची जाळी उभी राहिली. मग गुगलने पहारा वाढवला. फेब्रुवारी २००६मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलच्या यादीतून काढून टाकली गेली. कंपनीने यंत्रासाठी ‘जुन्या गाड्या’ अशा शब्दांनी खच्चून भरलेली पाने बनवली होती, आणि माणूस तिथे गेला की त्याला गुपचूप दुसऱ्याच पानावर नेले जात होते. फेब्रुवारी २०११मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची गोष्ट छापली. ऐन नाताळच्या हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कशाचाही शोध घेतला तरी पेनीच वर दिसत होती, कारण तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या हजारो लिंका शेकडो असंबद्ध वेबसाइटवर पेरलेल्या होत्या. कंपनीने कानावर हात ठेवले आणि आपल्या एसईओ सल्लागाराला काढून टाकले. गुगलने कारवाई केल्यावर एका प्रवासी बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावरची पेनी एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. जानेवारी २०१२मध्ये तर क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लेख लिहवून घेतल्याचे उघडकीला आले, तेव्हा गुगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला किमान साठ दिवसांसाठी खाली ढकलले.

या तिन्ही गोष्टी मजेने सांगितल्या जातात, पण छोट्या मालकाने त्यांतला एक तपशील जपून ठेवावा. बीएमडब्ल्यू काही दिवसांतच परत आली. पेनीही काही महिन्यांनी सावरली. लोकांना ती नावे हवीच होती; ती नाहीत म्हटल्यावर शोधयंत्राचीच पंचाईत. चिपळूणच्या एखाद्या केटररची वेबसाइट अशी गडप झाली तर कुणाचे काही अडत नाही आणि वर्तमानपत्रात बातमीही येत नाही. युक्ती करणे मोठ्यांना परवडते, कारण शिक्षा परवडते. लहानाने तोच डाव खेळणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे, नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी.

दरम्यान युक्त्याही एकेक करून मेल्या. सप्टेंबर २००९मध्ये गुगलने उघडपणे सांगितले की तो ‘कीवर्ड’चा रकाना क्रमवारीसाठी आपण वापरतच नाही. तरी आजही काही जण तो रकाना भरून देण्याचे बिल लावतात. फेब्रुवारी २०११च्या ‘पांडा’ या बदलाने पाट्या टाकल्यासारखे लेख पाडणाऱ्या कारखान्यांना झोडपले. एप्रिल २०१२च्या ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांना. एप्रिल २०१५पासून मोबाइलवर नीट न उघडणारी पाने मोबाइलवरच्या शोधात मागे पडू लागली. ऑक्टोबर २०१९मध्ये ‘बर्ट’ ही भाषा समजून घेणारी प्रणाली आधी इंग्रजी शोधांना लागू झाली आणि डिसेंबरमध्ये सत्तरहून अधिक भाषांना. त्यात मराठी होती. सुटे शब्द जुळवण्यापेक्षा वाक्याचा रोख ओळखण्याकडे यंत्राची वाटचाल चालली आहे, एवढे या नावांच्या गर्दीतून लक्षात आले तरी पुरे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या वाटेवर, एका कुटुंबाचे चार खोल्यांचे निवास आहे असे समजा. भाच्याच्या ओळखीतल्या कुणीतरी वेबसाइट बनवून दिली आहे. ब्राउझरच्या पट्टीवर पानाचे शीर्षक दिसते: ‘होम’. आत मोठ्या अक्षरांत ‘वेलकम टू अवर वेबसाइट’. खाली ‘आम्ही पर्यटकांना दर्जेदार सेवा देण्यास कटिबद्ध आहोत’ हे वाक्य, समुद्राचा एक फोटो आणि फोन नंबर. गुहागर हा शब्द अख्ख्या पानावर एकदाच, तोही पत्त्यात.

आता त्याच घरातला फोन दिवसभर काय विचारतो ते ऐकावे. चिपळूण स्टेशनवर उतरलो तर पुढे कसे यायचे? पुण्याहून दापोली करून येतोय, दाभोळची शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते आणि तिच्यात गाडी चढते का? आईला जिना चढवत नाही, खालची खोली मिळेल का? हेदवीच्या दशभुज गणेशाला जाऊन जेवायला परत येता येईल का? उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात का? पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात काय असते? फोनला रेंज कुठल्या कंपनीची येते?

मालक ही उत्तरे वर्षानुवर्षे तोंडपाठ देत आला आहे आणि यातले एकही त्याच्या वेबसाइटवर नाही. एसईओचे तज्ज्ञ ज्याला ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणतात आणि ज्यासाठी महागडी साधने विकली जातात, ते संशोधन त्याच्या फोनशेजारच्या वहीत आधीच झालेले आहे. शहरातल्या कचेरीत बसलेल्या एजन्सीच्या मुलाला फेरीबोटीची भानगड ठाऊक नसते. तो फार तर ‘बेस्ट होमस्टे इन गुहागर’ हे शब्द वीस वेळा लिहील. आणि त्या शब्दांवर लढायचे तर समोर बुकिंगच्या बड्या कंपन्या उभ्या आहेत. तिथे डोके आपटण्यात अर्थ नाही. पण ‘दाभोळ फेरीबोटीने गाडी घेऊन वेळणेश्वरला कसे जावे’ या प्रश्नाचे सविस्तर, ताजे, पावसाळ्यातल्या बदलासकट उत्तर त्या कंपन्यांकडे नाही. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न झालेले असतात, असे गुगल वर्षानुवर्षे सांगत आले आहे. माणसे दोन शब्द टाकून थांबत नाहीत. ती आपली अडचण जशीच्या तशी विचारतात. लहान वेबसाइटला जागा आहे ती तिथे.

म्हणून या घरापुरते काम काय? शीर्षकातला ‘होम’ जाऊन तिथे निवासाचे नाव, वेळणेश्वर आणि गुहागर हे शब्द यावेत, जेवणाची सोय असल्यास तीही. ‘कसे याल’ याचे वेगळे पान हवे. त्यात चिपळूणपासूनचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा, धोपावे-दाभोळ आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेऱ्या, आणि रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी शेवटचे वळण कुठे चुकते याची सूचना. जेवणाचे एक पान. खोल्यांच्या पानावर पायऱ्या किती, कमोड कुठे, गाडी कुठपर्यंत येते. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दोन ओळींचे वर्णन दिसते. ते क्रम वाढवत नाही, पण माणूस क्लिक करतो की नाही ते बरेचसे त्यावर ठरते. गुगल ते कित्येकदा स्वतःच्या मनाने बदलतो, तरीही लिहून ठेवावे. हे सगळे लिहायला चार निवांत दुपारी पुरतात आणि त्यासाठी कोडची एक ओळही यावी लागत नाही.

त्याच्या जोडीला गुगल मॅप्सवरची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल. ती फुकट आहे, आणि स्थानिक धंद्याला तिचा उपयोग कधीकधी वेबसाइटपेक्षाही लवकर दिसतो. या नोंदींचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो असे गुगलच सांगते: मागणीशी जुळणी, अंतर आणि एकूण प्रसिद्धी. अंतर मालकाच्या हातात नाही. नकाशावरची खूण अचूक अंगणात आहे की शेजारच्या आमराईत, हे मात्र आहे. सुट्टीचे दिवस, हंगामातल्या वेळा, ताजे फोटो आणि पाहुण्यांच्या अभिप्रायांना दिलेली उत्तरेही त्याच्याच हातात. धंद्याच्या नावात ‘बेस्ट बीच स्टे’ वगैरे शेपट्या जोडणे नियमाविरुद्ध आहे, कितीही जण जोडत असले तरी. बनावट अभिप्रायांबद्दल तर बोलायलाच नको.

मात्र केवळ या नोंदीवर अवलंबून राहू नये. बिझनेस प्रोफाइलमधूनच एक फुकट, एकपानी वेबसाइट बनवून देण्याची सोय गुगलने काही वर्षे ठेवली होती. मार्च २०२४मध्ये ती बंद झाली आणि त्यावर बनलेल्या सगळ्या वेबसाइटही. दुसऱ्याच्या जागेत मांडलेले बिऱ्हाड कधीही हलवावे लागते. स्वतःचे डोमेन वर्षाला साधारण एका जेवणाच्या खर्चात मिळते, आणि ते स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर असावे. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन आपल्या नावावर घेतले, पुढे तो फोन उचलेनासा झाला आणि मालकाला दहा वर्षांची ओळख सोडून नव्या नावाने सुरुवात करावी लागली, ही कहाणी इतकी सर्रास आहे की हे वाक्य जाड ठशात छापायला हवे होते.

मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला आणखी काही वेगळ्या गाठी येतात, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेखही नसतो. विशेषतः २०००नंतरच्या दशकात अनेक मराठी वेबसाइट युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान म्हणजे अगम्य बाराखडी. त्या काळातला कितीतरी मजकूर आजही इंटरनेटवर असून नसल्यासारखा आहे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण मिटली, पण तिची धाकटी बहीण घरोघरी नांदते आहे: मजकुराचा फोटो. मेन्यूकार्ड, वर्गाचे वेळापत्रक, दरपत्रक, सगळे डीटीपीवाल्याकडून सजवून चित्र म्हणून वेबसाइटवर चिकटवलेले. यंत्राला चित्रातली अक्षरे थोडीफार वाचता येऊ लागली आहेत, तरी त्याच्या भरवशावर दरपत्रक सोडणे धाडसाचे. जो मजकूर निवडून कॉपी करता येत नाही तो शोधात येणार नाही असे धरून चालावे.

पत्त्याचा प्रश्न असाच. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि गुगल तो वाचतोही. पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की पुष्कळदा टक्केचिन्हांचे जंगल उगवते, कारण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तिथे नऊ रोमन चिन्हांत मोडले जाते. ‘मिसळ’ हा शब्द म, वेलांटी, स आणि ळ मिळून छत्तीस चिन्हांचा होतो. म्हणून मजकूर मराठीत आणि पत्ता छोटा, रोमन लिपीत, हा व्यवहारी मार्ग. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळते आणि ते मराठीलाही लागू आहे. हौस म्हणून जरूर घ्यावे, पण एकुलता एक पत्ता म्हणून नको, कारण सगळे ईमेल आणि सगळे फॉर्म अजून त्याला सरावलेले नाहीत.

आणि लोक शोधतात कसे? कुणी ‘देवगड हापूस’ असे देवनागरीत लिहितो, कुणी तेच रोमन अक्षरांत, कुणी ‘अल्फान्सो’, कुणी ‘हापुस’ असे ऱ्हस्व. ऑगस्ट २०१७मध्ये गुगलने मराठीतून बोलून शोधण्याची सोय केली, तेव्हापासून तर ‘डझनाला कितीला पडतो’ असे सरळ विचारले जाते. किरकोळ शुद्धलेखनाचे फरक यंत्र आता बऱ्यापैकी सांभाळून घेते. त्यासाठी पानावर सगळी अशुद्ध रूपे कोंबण्याची गरज नाही आणि तसे पान वाचवतही नाही. मात्र गिऱ्हाईक मुंबई-पुण्याखेरीज बंगळूर-दुबईतही असेल तर मराठीचे पान वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे ठेवावे. एकाच परिच्छेदात दोन्हींची खिचडी केली तर यंत्राला पानाची भाषा ठरवणे अवघड जाते. यंत्राकडून करून घेतलेले भाषांतर न वाचता छापणे हा तर हात दाखवून अवलक्षण. हापूसबद्दल लिहायचेच असेल तर आपल्या बागेचे लिहावे. ऑक्टोबर २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती सगळ्यांच्या वेबसाइटवर आहे. यंदाचा मोहोर कधी आला आणि पहिली पेटी कधी निघेल, ही फक्त त्या बागायतदाराकडे.

तांत्रिक बाजूची भीती मोठी आणि काम त्या मानाने थोडे. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो: शोधयंत्रांना या वेबसाइटपासून परावृत्त करा. वेबसाइट बनत असताना तो खूण करून ठेवतात, आणि काम संपल्यावर ती खूण काढायची राहून जाते. मग मालक वर्षभर ‘आपण गुगलवर का दिसत नाही’ म्हणून कपाळावर हात मारतो. सगळ्यात आधी तो चौकोन पाहावा. वेबसाइट सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर हवी. २०१४पासून गुगल त्याला थोडेसे वजन देतो आणि लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेमुळे त्याचे प्रमाणपत्र फुकट मिळते. मोबाइलवर पान नीट दिसले पाहिजे, कारण आता गुगल मुख्यतः मोबाइलवरची आवृत्तीच वाचतो. पानातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा असे गुगलचे माप आहे. छोट्या वेबसाइट त्यात नापास होतात त्या बहुतेकदा मोबाइलने काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवल्याने. फोटो लहान करून घ्यावेत, फाइलला नाव द्यावे आणि चित्राच्या वर्णनाच्या रकान्यात चित्रात काय आहे ते लिहावे. ते वर्णन शोधयंत्राच्या आधी अंध वाचकाच्या कामी येते, हे बहुतेक एसईओवाले सांगायला विसरतात.

लिंकांचे काय, हा प्रश्न उरतोच. ‘पाच हजार रुपयांत हजार बॅकलिंक’ असे ईमेल प्रत्येक वेबसाइट-मालकाला येतात. ते वाचून हसावे आणि पुसून टाकावे. खऱ्या लिंका गावातूनच येतात. तालुक्याच्या पर्यटन माहितीचे पान, राहून गेलेल्या सायकलस्वारांच्या गटाने लिहिलेला वृत्तान्त, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची वेबसाइट, स्थानिक वर्तमानपत्रातली मुलाखत. अशा सात-आठ लिंका मिळायला दोन वर्षे लागतील, पण त्या काढून घ्यायला कुणी येणार नाही.

सल्लागार घेऊच नये असे नाही. हजार वस्तूंचे ऑनलाइन दुकान असेल किंवा जुनी वेबसाइट नव्या पत्त्यावर हलवायची असेल तर जाणकार माणसाचे पैसे वसूल होतात. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गुगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागते, हेही. जाहिरातीला पैसे दिल्याने साध्या निकालातला क्रम वाढत नाही. ही तीन वाक्ये समोर ठेवून बोलणी केली की निम्मे विक्रेते आपोआप गळतात. उरलेल्यांना एकच विचारावे: नेमके काय बदलणार, ते लिहून द्याल का?

या विषयावरच्या पुस्तकांनी जे सांगायचे टाळू नये ते म्हणजे मर्यादा. सगळे नीट करूनही अपयश येते. हवा शुद्ध करणारी यंत्रे स्वतः विकत घेऊन, चालवून, मोजून परीक्षणे लिहिणारी हाउसफ्रेश ही छोटी इंग्रजी वेबसाइट. फेब्रुवारी २०२४मध्ये तिच्या चालकांनी सविस्तर लेख लिहून दाखवले की जुन्या, नामांकित मासिकांच्या वरवरच्या याद्या शोधात त्यांच्या वर येत आहेत. त्यानंतर त्यांची वाचकसंख्या आणखी कोसळली. चांगला मजकूर लिहा, बाकी गुगल बघून घेईल, हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. आकार आणि नाव यांचे वजन पडतेच.

त्यात आता उत्तरेच निकालाच्या माथ्यावर येऊ लागली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश गुगलने मे २०२४मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी सुरू केला आणि ऑगस्टमध्ये भारतात आणला. पैठणीचा इतिहास, मोदकाची कृती, मुंबई-गोवा अंतर असले प्रश्न तिथल्या तिथे मिटतात; त्यावर जगणाऱ्या वेबसाइटकडे माणूस फिरकेलच असे नाही. दुसरीकडे, तीच यंत्रे वापरून लेखांचे ढीग उपसणाऱ्यांविरुद्ध मार्च २०२४मध्ये गुगलने नियम कडक केले. छोट्या मालकाने यातून एवढेच ठरवावे की कुठेही मिळणारी माहिती लिहिण्यात वेळ घालवू नये. फेरीबोटीची आजची वेळ, खालच्या मजल्यावरची रिकामी खोली, मे महिन्यातल्या दुसऱ्या आठवड्यात शिल्लक असलेल्या पेट्या आणि त्या देणाऱ्याचा फोन नंबर सारांश वाचून मिळत नाहीत. त्यासाठी माणसाला दारापर्यंत यावेच लागते. त्या वेबसाइटला रोज हजार वाचक नकोच आहेत. चार खोल्यांना हंगामात आठवड्याला पाच-सहा योग्य फोन पुरतात.

पहिल्या पानाचा सोस सुटला की मोजायचे काय तेही बदलते. म्हणूनच पुढचे पहिले प्रकरण गुगल सर्च कन्सोलचे आहे. हे फुकट साधन सांगते की वेबसाइट कोणत्या शब्दांच्या शोधात किती वेळा दिसली, कितीदा क्लिक झाली आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होती. स्वतःचे नाव गुगलवर पुन्हा पुन्हा टाकून पाहण्याची खोड यामुळे मोडते. त्या शोधात ठिकाण आणि जुन्या सवयींचा हात असतोच. कन्सोलच्या यादीत मालकाच्या ध्यानीमनी नसलेले प्रश्न सापडतात. ‘वेळणेश्वर शाकाहारी जेवण’ या शोधात पान तीनशे वेळा दिसून क्लिक दोनच झाले असतील, तर शीर्षकाखालच्या त्या दोन ओळींत जेवणाचे नाव नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि ते दहा मिनिटांत दुरुस्त होते. मागची माहिती जास्तीत जास्त सोळा महिन्यांचीच मिळते, आणि ती जमायला लागते जोडणी केल्यानंतर. तेव्हा पुढे वाचण्याआधी वेबसाइट तिथे जोडून ठेवावी. आकडे दिसू लागायला काही दिवस लागतात. तेवढ्यात शीर्षकांवरचे दुसरे प्रकरण वाचून होते.